कर्वेनगरहून दोन पत्रे

कर्वेनगर, पुणे
गुरुवार

ती. आईस सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. ताईचं घर महर्षी कर्व्यांच्या संस्थेपासून हाकेच्या अंतरावर आहे. कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम इथे, तेव्हाच्या हिंगण्याला, हलवला, तेव्हा हे गावाबाहेर होतं. आज त्याच आवारात मुली इंजिनिअर होतात आणि बाहेर रस्ता ओलांडायला जागा मिळत नाही.

दिवाळीमुळे फुटपाथ पणत्यांनी भरलाय. एका काकूंकडून दोन डझन घेतल्या. प्रत्येक पणती त्यांनी बोटाने टिचकी मारून दिली. एकीचा आवाज बद्द आला, ती बाजूला टाकली. माल कुठला विचारलं, तर म्हणाल्या, "मुंढव्याचा, केशवनगरचा. घरचाच. विकला तर पैसे, उरला तर वर्षभर घरात." शनिवारी तिकडे जायचं ठरवलंय.

कर्वेनगर
रविवार

ती. आईस सा. नमस्कार.

केशवनगरला जाऊन आले. कसब्यातल्या कुंभारवाड्यातली बरीच कुटुंबं पूर्वीच तिकडे गेली. आता चहूकडे टॉवर आणि मधे भट्ट्यांचा धूर. चाक विजेवर फिरतं, पण हात तोच. चाकावर मातीचा मोठा गोळा. त्याच्या शेंड्यावर अंगठा दाबला, चिमटीने चोच काढली, ओल्या दोऱ्याने कापली की पणती तयार. खालचा गोळा तसाच फिरत राहतो. शेजारी साच्यातल्या नक्षीच्या पणत्या बायका रंगवत होत्या.

परवाच्या परतीच्या पावसाने वाळत घातलेला कच्चा माल भिजला होता. त्याचा पुन्हा चिखल करायचा. माती वाया जात नाही, मजुरी जाते. भट्टीत तडकलेला माल मात्र कायमचा गेला. व्यापारी साबूत तेवढाच मोजून नेतो आणि पैसे बऱ्याचदा दिवाळीनंतर देतो. माती, लाकडाचा भुसा, रंग यांचे पैसे मात्र कुंभाराने आधीच मोजलेले असतात.

'फेअर ट्रेड' म्हणजे वस्तूला जरा जास्त भाव, असं मी समजत होते. ताईच्या यजमानांनी जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं दाखवली. त्यात भावाइतकंच महत्त्वाचं एक कलम आहे: कारागिराने मागितली तर हस्तकलेच्या ऑर्डरवर निदान निम्मी रक्कम आगाऊ, तीही बिनव्याजी. केशवनगर पाहिल्यावर मला हे कलम भावापेक्षाही मोठं वाटतं. पाऊस, तडा आणि उरलेला माल, तिन्हींचा भार आज एकट्या कुंभारावर आहे. इसार दिला की त्यातला थोडा गिऱ्हाईक उचलतो.

बलुत्याच्या काळी कुंभार गावाला वर्षभर गाडगी-मडकी पुरवायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. त्यात मानपान होते, जातीची उतरंड होती. ते परत यावं असं कुणी म्हणणार नाही. पण मडकं विकलं जाईल का, ही धास्ती तेव्हा त्याच्या एकट्याच्या जिवाला नव्हती. आपल्या तेरला कुंभार संत गोरोबाकाकांचा जयजयकार आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. कुंभाराला आगाऊ पैसे दिल्याचं मात्र मला आपल्या घरात आठवत नाही.

तेव्हा मामीला आणि शेजारच्या काकूंना विचार: तुळशीच्या लग्नाला पणत्या किती हव्यात? आकडा बुधवारपर्यंत कळव आणि पैसे ताईच्या खात्यावर लगेच पाठवायला सांग. "आधी बघू, मग देऊ" म्हणाल्या, तर त्यांच्या पणत्या मी आणणार नाही.

तुझी,
सुमन