अँजिओ साफ, तरीही अटॅक

अँजिओच्या पडद्यावर तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या की बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पेशंटची झडप खराब असेल तर माझा पडत नाही.

 हिंजवडीच्या फेज थ्रीत बांधकामावर, हाउसकीपिंगला येणाऱ्यांत असे पेशंट भेटतात. लहानपणी घसा धरला, सांधे सुजले, ताप आला नि गेला. मायट्रल झडप आकसल्याचं कळतं ते पुष्कळदा बाळंतपणात, धाप लागल्यावर. झडप अरुंद झाली की हृदयाचा वरचा डावा कप्पा फुगतो, ठोके बिघडतात, रक्त साचून गुठळी धरते. तुकडा सुटला तर बहुधा मेंदूकडे जातो. क्वचित मात्र महाधमनीच्या मुळाशीच वळून हृदयाच्या स्वतःच्या वाहिनीत शिरतो. अँजिओ होईपर्यंत तो विरघळलेलाही असतो. वाट मोकळी, पण पुढचा स्नायू मेलेला.

“ब्लॉकेज नाही म्हणता, मग अटॅक कसला, डॉक्टर?” प्रश्न रास्त आहे. ट्रोपोनिन वाढलेलं, ईसीजी बदललेला, आणि कुठेही 50 टक्के अडथळा नाही. याला आम्ही ‘मिनोका’ म्हणतो. नाव भारदस्त आहे, पण कारण त्यात नाही. ते शोधावं लागतं. मी फिल्म पुन्हा सावकाश पाहतो: टोकाची एखादी बारीक फांदी मध्येच तुटलीय का? मग अन्ननलिकेतून इको. ताप असेल तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर, कारण झडपेवर जंतूंचे झुबके असतील तर रक्त पातळ करण्याची घाई मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. म्हाताऱ्या माणसाची महाधमनीची झडप आवळलेली असेल तर प्रकरणच वेगळं. तिथे बहुधा गुठळी नसते. जाड झालेल्या स्नायूला रक्त पुरत नाही, आणि इलाज झडपेचाच करावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या चौकशीत. पाळी बदलली, गावी जत्रा होती, वॉरफरिन संपलं. कुणी आयएनआरच्या रक्ततपासणीची कटकट नको म्हणून नवी, महाग गोळी मागतो. संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप आणि अनियमित ठोके असलेल्यांत जुनीच गोळी सरस ठरली, हे 2022च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने दाखवलं. धातूच्या झडपेलाही जुनीच लागते.

कार्डावर ‘कोरोनरी नॉर्मल’ वाचून गोळ्या बंद करणारे पाहिलेत, म्हणून सांगतो: झडपेचा पेशंट घरात असेल तर अँजिओच्या सीडीबरोबर आयएनआरची वहीही आणा. मी आधी वही बघतो.