भोंगा वाजल्यावर पुढे काय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल तुम्ही वाचलं असेल. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाईल आला, तो शाळा उघडल्यावरही सुटेना. म्हणून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावाने नियम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद!

आमच्या मुळशीतही असा भोंगा हवा, असं काही जण म्हणतात. लवळे, भूगाव, पिरंगुट... या भागात कॉलेजं आली आणि ठिकठिकाणी भाड्याच्या खोल्या झाल्या. एका खोलीत तीन मुलं, आणि तिघं तीन मोबाईलमध्ये.

आमच्या शेजारी मराठवाड्यातला एक मुलगा राहतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पहाटे तीनपर्यंत खोलीत मोबाईलचा उजेड. मेसचा डबा कित्येकदा दारातच पडलेला. कॉलेज जवळजवळ बंद. एकदा त्याच्या वडिलांचा मला फोन आला, "सर, पोरगं फोन उचलत नाही, जरा बघता का?" दिवसरात्र हातात फोन, आणि बापाचा फोन उचलत नाही!

मी रागावलो नाही. विचारलं, "काय बघतोस रे एवढं?"

म्हणाला, "काही नाही सर. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं."

हळूहळू बाकीचं कळलं. वर्गातलं इंग्रजी समजेना, विचारायची लाज, घरी सांगायची चोरी. मोबाईलमुळे मुलं एकटी पडतात असं आपण म्हणतो. इथे एकटेपणा आधी आला, मोबाईल नंतर. वडगावात भोंगा वाजतो तेव्हा मुलाच्या आजूबाजूला घर असतं, आजी असते. याच्या खोलीत वाजला तर उरतील त्या चार भिंती.

आता तो संध्याकाळी आमच्याकडे येतो. आम्ही दोघंच म्हातारे, मुलं लांब. तो हिला भाजी निवडू लागतो, मग आमचा कॅरमचा डाव होतो. मोबाईल सुटला असं मी म्हणणार नाही. पण वडिलांचा फोन उचलतो.

झोप, जेवण, कॉलेज सगळंच सुटलं असेल तर मात्र नुसत्या गप्पांनी भागत नाही. डॉक्टरांना दाखवावं, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. मग लाज कसली?

तुमच्या गल्लीतही असं एखादं पोर असेल. बघा, एकदा दार वाजवून.