आजारी

लालबागच्या आमच्या चाळीत ‘आजारी’ हे विशेषण माणसाला लागायचं, तसंच गिरणीलाही. माणूस आजारी पडला की शेजारीण पेज घेऊन यायची. एखादी गिरणी आजारी आहे असं कळलं की पुरुषमंडळी रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बोलत उभी राहायची. १९७४च्या कायद्याने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. सरकार आता त्यांना बरं करणार, असंच मला वाटायचं. आजारी म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?

वडील कार्डिंग खात्यात होते. पाळी सुटून आले की दारातच सदरा झटकायचे. भुवयांत, कानांवरच्या केसांत कापसाची बारीक पूस अडकलेली असे. पोटात गेलेला कापूस निघावा म्हणून आई हातावर गुळाचा खडा ठेवी. रविवारच्या सुट्टीनंतर कामावर गेले की त्यांची छाती आवळून यायची. घरात आम्ही त्याला ‘सोमवारचं’ म्हणायचो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारी वाढणं ही त्याची ओळखीची खूण आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. वडिलांना मात्र कधी कुणी आजारी म्हटलं नाही. खाडा परवडायचा नाही, म्हणून त्यांनीही स्वतःला म्हणवून घेतलं नाही.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. १९८५मध्ये आजारी उद्योगांसाठी कायदा आला. साठलेला तोटा कंपनीच्या नक्त मालमत्तेइतका किंवा त्याहून जास्त झाला, की कंपनी आजारी. जुने साचे वर्षानुवर्षं का बदलले नाहीत, चांगल्या दिवसांतला नफा कुठे गेला, हे त्या व्याख्येत येत नव्हतं. या विशेषणावर माझा राग आहे तो इथे. आजारी माणसाला कुणी दोष देत नाही. ती माणुसकी गिरणीला लागू झाली आणि तिचा फायदा मालकांना मिळाला.

पुढे १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली, आणि गिरणीत बांधकामच जास्त! आमच्या भागात त्या जमिनींवर आता टॉवर आणि मॉल उभे आहेत.

आता वर्तमानपत्रांत ‘आजारी साखर कारखाना’ असं येतं. अशी बातमी मी पुरी वाचतो. कर्ज कुणी काढलं, संचालक कोण होते, उसाचे पैसे किती थकले, कामगारांचे पगार किती महिन्यांचे राहिले, हे सगळं त्यात शोधतो. बऱ्याचदा त्यात फक्त कारखान्याची तब्येत असते.