मौन आणि मरण

हांक मारली असतां उत्तर आलें नाहीं, तर पलीकडचा माणूस गेला असें कोणी समजत नाहीं. तो झोंपला असेल, रुसला असेल, किंवा आपला आवाजच त्याच्यापर्यंत पोंचला नसेल. यंत्रांच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण सहज सोडतों. माझें पोट ज्या व्यवसायावर चालतें, त्यांत हा विवेक म्हणजेच अर्धें ज्ञान होय.

एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतों. एक जळगांवास, दुसरा धुळ्यास. दोघांपाशीं एकच खातेवही. एकीकडे लिहिलेली ओळ दुसरीकडे तत्काळ उमटते. संघांतील अशा प्रत्येक यंत्रास ‘नोड’ म्हणतात. आम्ही वापरतों त्या गॅलेरा पद्धतींत नोडच्या अवस्था ठरलेल्या आहेत : मागें पडलेला तो ‘जॉइनर’, त्याला चुकलेल्या ओळी पुरविणारा तो ‘डोनर’, आणि सर्वांच्या बरोबरीस आलेला तो ‘सिंक्ड’.

एका पावसाळ्यांत मधली केबल तुटली. यंत्रें धडधाकट होतीं. पण प्रत्येकास दुसरें मेल्यासारखें दिसूं लागलें, आणि दोघांनींहि व्यवहार नाकारला. दोहोंत बहुमत म्हणजे दोन. एकट्यास तें मिळावें कसें? जळगांवच्या खिडकीशीं बियाण्यासाठीं पैसे काढावयास आलेला एक शेतकरी मला म्हणाला, “भाऊ, पैसे माझे, यंत्रहि चालू, मग अडतें कोठें?”

प्रश्न रास्त होता. परंतु दोन्ही यंत्रें बळेंच स्वतंत्र चालविलीं असतीं, तर एकच रक्कम दोन गांवीं दोनदां निघूं शकली असती, आणि मग खरी वही कोणती हें ब्रह्मदेवासहि सांगतां आलें नसतें. पांझरेकांठच्या जुन्या फडपद्धतींत पाणी ज्याचें त्यानें फोडून घ्यावयाचें नसे. तें पाटकरी देई. लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९९८ सालीं पॅक्सॉस बेटावरील एका कल्पित संसदेच्या रूपकानें हाच विचार मांडला : सभासद येवोत वा जावोत, ठरावांची वही एकच राहिली पाहिजे.

मीं धुळ्यास फोन करून तेथील व्यवहार खरोखरच थांबले असल्याची खात्री केली. दोन्हीकडील शेवटच्या व्यवहाराचे अनुक्रमांक ताडले. ते सारखे निघाले. तेव्हां जळगांवास मुख्य ठरवून, केबल सांधेपर्यंत धुळें बंदच ठेविलें. सांधल्यावर धुळें ‘जॉइनर’ झालें; खंड थोडा असल्यामुळें सगळी वही उतरावी लागली नाहीं, चुकलेल्या ओळींवरच भागलें.

खानदेशाचे १९०६ सालीं दोन जिल्हे झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निघाला. त्या नंदुरबारास आम्ही पुढें एक पंच बसविला. त्याच्यापाशीं वही नाहीं, केवळ मत आहे. आतां एकाची वाट तुटली तरी उरलेल्या दोघांचें बहुमत टिकतें.

शेतकऱ्यास त्या दिवशीं पैसे मिळाले. धुळ्याच्या खिडकीवरून कोण रिकाम्या हातानें परतलें, हें कोणत्याहि वहींत नोंदलेलें नाहीं. एका गांवची वही खरी राहावी म्हणून दुसऱ्या गांवानें सोसलेलें तें मौन होतें. त्याला मरण म्हणण्याची घाई आपण करूं नये.