पिचरचा खांदा

आपल्या वसतिगृहाच्या भांडारगृहात दारामागे एक पितळी पाटी ठेवलेली आहे. तिच्यावर १९९४ च्या दहावीच्या तुकडीचे नाव कोरले आहे. ती ज्या यंत्रावर लावायची होती, ते यंत्र शाळेत आलेच नाही. त्याला कारण मी आहे. माजी विद्यार्थी अधूनमधून विचारतात, म्हणून हा खुलासा.

त्या वर्षी आठवीतील एक मुलगी आपल्या सॉफ्टबॉल संघाची पिचर होती. वजन ३८ किलो, आईवडील ऊसतोडीला. या खेळात पिचर हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण फिरवून चेंडू कमरेजवळून सोडते. महिलांच्या सामन्यात हे अंतर ४३ फूट असते. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, असा मैदानावर एक समज आहे. मीही तो बाळगून होतो. जिल्हा स्पर्धेत मी तिला एकाच दिवशी तीन सामने खेळविले. रात्री ती डाव्या हाताने जेवत होती. ते स्वयंपाकघरातल्या मावशींनी पाहिले. मी ढालीकडे पाहत होतो.

वर्गात मी पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात घेतलेल्या शंभराहून अधिक बळींविषयी सांगत असे, आणि बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत टाकलेल्या ४१३ चेंडूंविषयीही. बाळू तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते आणि उएनो २६ वर्षांची, हे सांगायचे मात्र राहून जाई. इतिहासाच्या शिक्षकाला ही चूक शोभत नाही.

मुलीला ताकद हवी, असे मी ठरविले. १९९४ च्या तुकडीने पैसे देऊ केले आणि शहरातल्या दुकानात मी चार जणांनी एकाच वेळी व्यायाम करावयाचे चकचकीत यंत्र पसंत केले. पाटीही करून घेतली. सुदैवाने पैसे भरण्यापूर्वी मुलीला सोबत नेले. आसनावर बसल्यावर तिचे पाय अधांतरी राहिले. वजन वाढवायचे तर एकदम पाच किलोंनी. शेजारची लोखंडी दांडी नुसतीच २० किलोंची, म्हणजे तिच्या निम्म्या वजनाहून जड. ती हळूच म्हणाली, "सर, हे मोठ्या मुलांसाठी आहे का?"

फिजिओथेरपिस्टांनी आधी विश्रांती सांगितली. मग समजावले, की चेंडूचा वेग पाय आणि कंबर देतात, आणि चेंडू सुटल्यावर फिरता हात थांबविण्याचे काम खांद्यामागच्या स्नायूंना करावे लागते. तेव्हा यादी बदलली. कमीअधिक ताणाचे रबरी पट्टे, एक आणि दोन किलोंचे मेडिसिन बॉल, दोन ते चार किलोंच्या डंबेल्सच्या जोड्या, आणि पायऱ्या चढण्या-उतरण्याच्या व्यायामासाठी सुताराकडून फूटभर उंचीचा लाकडी ठोकळा. जड सॉफ्टबॉल घ्यायचा मोह झाला होता, तो टाळला. रबर आपल्याकडच्या उन्हात तडकते, म्हणून पट्टे कपाटात ठेवायचे आणि वापरण्यापूर्वी रोज तपासायचे.

समितीच्या बैठकीत एक ज्येष्ठ सभासद संतापले. "जन्मभर आपल्याला दुसऱ्यांनी टाकलेलेच मिळाले. आता कोरे यंत्र मिळते आहे, तर गुरुजी रबर मागतात!" हे मला फार लागले, कारण त्यांचा संताप खोटा नव्हता. मी स्वतः उतरलेल्या कपड्यांत शिकलो आहे. उतरलेला सदरा अंगाला कधी बसत नसे. मी एवढेच म्हणालो, की हे यंत्रही तिच्या मापाचे नाही. ते गप्प झाले, पटले असे नाही.

आठवड्यातून दोनदा, मध्ये एखादा दिवस सोडून, शिक्षकांच्या देखत दहा-बारा आवर्तने. ढब बिघडली की थांबायचे. वजन वाढवायची घाई नाही. टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद वहीत होते आणि ती वही मुलीच लिहितात. यंत्राच्या चौथाई किमतीत हे सारे आले. उरलेल्या पैशांतून संघाला वर्षभर अंडी मिळाली आणि आणखी दोन मुली पिचिंग शिकल्या. पुढच्या हंगामात तिघींनी सामने वाटून घेतले. आम्ही उपान्त्य फेरीत हरलो. त्या रात्री मी पंगतीत फिरून सगळ्यांचे उजवे हात पाहिले.

पाटी मात्र साहित्याच्या कपाटापेक्षा रुंद आहे. १९९४ च्या तुकडीने मेळाव्याला आल्यावर ती कोठे लावायची, ते सांगावे.