एका खिडकीचे कुलूप

आमच्या मुरुडात पूर्वी घरांना कुलपे फारशी लागत नसत, असे आजी सांगते. दाराची कडी ओढली की घर बंद झाले. शेजारणीला हाक मारली की राखण झाली. पुढे समुद्रकिनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली, पोफळीच्या वाड्यांतून राहण्याच्या खोल्या उठल्या आणि कुलपेही आली. त्यांतले एक कुलूप मी स्वतःच्या हाताने घातले. ते लोखंडी नव्हते, म्हणूनच कदाचित इतके जड वाटले.

मे महिन्याच्या सुट्टीत किनाऱ्यालगतच्या एका निवासात मी हिशेबाच्या कामाला होतो. मालकांनी तीन टॅबलेट घेतले होते. एक पाहुण्यांच्या नोंदीसाठी, दुसरा वाढप्याकडे आणि तिसरा स्वयंपाकघरात. बाहेर कोणी सुरमईचे ताट सांगितले की आत चुलीपाशी ते अक्षरांत उमटे. मोठी नवलाई होती! पण आदल्या हंगामात कोणा पोराने खेळ खेळून बॅटरी संपवली आणि ऐन जेवणाच्या वेळी सगळा कारभार आंधळा झाला. शिवाय त्याच यंत्रांत पाहुण्यांचे फोन नंबर, ओळखपत्रांचे फोटो. मालक म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस ना? मग यात आपल्या कामाशिवाय दुसरं काही उघडणार नाही असं करून दे."

करून दिले. रीत सोपी आहे. यंत्र आधी पुसून अगदी कोरे करायचे. स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवायचे आणि मग उघडणाऱ्या कॅमेऱ्याला एक क्यूआर कोड दाखवायचा. तेवढ्याने त्या यंत्राचा धनी ठरतो. आणि धनी म्हणजे रोज हाताळणारा नव्हे, विकत घेणारा. त्याने परवानगी दिलेले एकच ॲप पडद्यावर राहते. मागे जाण्याचे बटण निकामी, वरून ओढायची पट्टी नाहीशी. बंद करून चालू केले तरी पुन्हा तीच खिडकी. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. आयपॅडवर तिचा एक प्रकार २०१२ मध्येच आला, आणि तो आणताना स्वमग्न मुलांचे लक्ष एका गोष्टीवर राहावे हा हेतूही सांगितला गेला होता. म्हणजे हेच कुलूप कोणाचा आधारही होऊ शकते. सारा प्रश्न ते कोण, कोणाला आणि विचारून घालतो की न विचारता, एवढाच.

मी विचारले नव्हते.

स्वयंपाकघरात एक काका होते. वय साठीच्या पलीकडचे. दुपारची पंगत उठली, भांडी पालथी पडली की चारच्या सुमारास ते हात पुसत, टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि विरारच्या नातीशी बोलत. मुलाने दिवाळीत येऊन तेवढी सोय करून दिली होती. नात पलीकडून दात दाखवी. काका इकडून तिला कधी नारळ, कधी ताजा बांगडा दाखवीत. दहा मिनिटांत खेळ आटोपे आणि ते रात्रीच्या वाटणाला लागत.

कुलूप घातले त्या दिवशी चार वाजता काकांनी नेहमीच्या जागी बोट ठेवले. काही झाले नाही. पुन्हा ठेवले. मग बोट ओले असेल म्हणून पंचाला पुसून ठेवले. मी दारात उभा होतो. ते म्हणाले, "बिघडलाय वाटतं रे."

मी म्हणालो, "हो काका, बघतो."

त्या तीन शब्दांनी मला महिनाभर छळले. एसटीच्या कंडक्टरचा जुना चिमटा आठवा. त्याने तिकिटाला भोक पडे, दुसरे काही होत नसे. पण म्हणून कंडक्टर त्याच्यावर रुसला नाही. त्या चिमट्यात त्याने कधी नातीचा चेहरा पाहिलेला नव्हता. मुळात नसणे वेगळे आणि दाखवून काढून घेणे वेगळे.

आमच्या गावाला कुलपांचा इतिहास आहे. इथूनच धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून दारातूनच परत फिरले. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच मुरुडाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो घालणारे काही दुष्ट नव्हते. आपण व्यवस्था राखतो आहोत असेच त्यांना वाटत असणार. मलाही तसेच वाटले होते. कुठे तो प्रसंग आणि कुठे माझा टॅबलेट, हे कळते. पण व्यवस्थेच्या नावाखाली माणसाला विचारायचे राहून जाते, ते दोन्हीकडे सारखेच.

नंतर कळले की परवानगीच्या यादीत एकाऐवजी दोन ॲप ठेवता येतात. मी मालकांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "आज नात, उद्या क्रिकेट. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं." त्यांचेही अगदी खोटे नव्हते. मग रोज चार वाजता मी माझा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवू लागलो. काका काही बोलले नाहीत. नातीने मात्र पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, तुम्ही छोटे का दिसता?"

जूनमध्ये पाऊस आला, खोल्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या दिवशी धीर करून मी काकांना सांगितले, "टॅबलेट बिघडला नव्हता. मीच बंद केला होता."

काका सोलकढीचे पातेले घाशीत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक होतं रे. बिघडला असता तर ऑर्डरी कशा आल्या असत्या?"

मग हात धुऊन त्यांनी एक वाटी माझ्यापुढे सरकवली. तळाशी उरलेली सोलकढी होती. मी ती उभ्या उभ्या प्यालो.