मक्याचा ग्लास आणि आत्याचे पोते

गेल्या काही वर्षांत बाजारात एक नवा शब्द आला आहे, ‘कंपोस्टेबल’. हिरव्या अक्षरांत छापलेला, शेजारी एक पान काढलेले. मक्यापासून किंवा उसापासून केलेले प्लॅस्टिक आहे, वापरा आणि टाका, मातीत मिसळून जाईल, असे दुकानदार सांगतो. ऐकायला फार बरे वाटते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, नोकरीने लिपिक. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण आमच्या विहाराच्या मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, आणि पैसे मोजण्यापूर्वी माल काय आहे हे विचारायची सवय त्या कामाने लावली आहे.

१४ एप्रिलच्या भोजनदानासाठी आमची मुले असे ग्लास बघून आली होती. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे ग्लास, ताटे, चमचे यांवर बंदी आहे. आपल्या राज्याची बंदीची अधिसूचना तर त्याआधी, २३ मार्च २०१८ रोजीच निघाली होती. २०२२ च्या अखेरीस मात्र राज्य सरकारने विघटन होणाऱ्या अशा वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर मोकळीक दिली. तेव्हा मुलांनी काही बेकायदा आणले असे नव्हते. किंमत साध्या ग्लासापेक्षा बरीच जास्त होती, पण तीही वर्गणीतून भरून निघाली असती. अडले ते आत्याच्या बोलण्यावर.

आमची आत्या तीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात कचरा वेचते. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्या पहिल्या काळापासूनची ती सभासद. तिला अक्षर वाचता येत नाही, पण हातात घेतलेली वस्तू काय भावाने जाईल हे ती नुसत्या आवाजावरून सांगते. तिने नमुन्याचा ग्लास दाबला, चुरगळला आणि म्हणाली, “पोरी, हा बाटलीसारखा दिसतो, पण बाटली न्हाई. मागल्या महिन्यात असलेच पोतंभर वाहून नेले. भंगारवाल्यानं निवडून बाजूला टाकले, वजनातून कापले. वर म्हणतो, पुन्हा आणलेस तर सगळाच माल परत करीन.”

भंगारवाल्याचे वागणे कठोर वाटेल, पण त्यामागे कारण आहे. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, ज्याला ‘पेट’ म्हणतात, ते साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. मक्याउसाचे ‘पीएलए’ त्याच्या फार आधी, १५० ते १८० अंशांच्या दरम्यान. दोन्ही दिसायला सारखीच पारदर्शक. बाटल्यांच्या ढिगात थोडे जरी पीएलए गेले तरी पुढे होणारा माल चिकट, पिवळट निघतो. मग तोटा कोणी सोसायचा? कारखानदार व्यापाऱ्याकडून कापतो, व्यापारी भंगारवाल्याकडून, भंगारवाला आत्याकडून. आत्याने कोणाकडून कापावे?

आता हे पीएलए म्हणजे काय तेही सांगते, कारण वस्तू वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. दुधाला विरजण लावले की दह्यात जे लॅक्टिक आम्ल तयार होते, तेच इथे मूळ. मक्याच्या स्टार्चची किंवा उसाची साखर घेऊन जीवाणूंकडून ती आंबवतात, आम्ल काढतात आणि त्याचे कण साखळीसारखे जोडतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मक्यापासून, थायलंडमध्ये उसापासून याचे मोठे कारखाने चालतात. आपल्या जेजुरीलाही २०२४ साली प्राज कंपनीने याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उघडला. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत आपल्या भगिनींना जे ‘विरघळणारे टाके’ घालतात, त्यांतले बरेच धागे याच लॅक्टिक आम्लाच्या घराण्यातले. म्हणजे विज्ञान खोटे नाही.

घोळ आहे तो समजुतीत. वनस्पतीपासून झाले म्हणजे मातीत जिरणारच, असे आपण धरून चालतो. उसाच्या अल्कोहोलपासून अगदी साधे पॉलिथीनही करतात. ते मातीत तसेच पडून राहते. उलट कंपोस्टेबल पिशवीत बहुधा ‘पीबीएटी’ नावाचा पदार्थ मिसळलेला असतो, तो बहुतांशी खनिज तेलातून येतो आणि तरी कुजतो. जन्म कुठे झाला यावरून गुण ठरवायची आपल्या देशाची सवय जुनी. ती प्लॅस्टिकच्या बाबतीतही खरी ठरत नाही! (पहिले प्रसिद्ध प्लॅस्टिक सेल्युलॉइड हे १८७० च्या सुमारास कापसाच्या तंतूपासूनच केले होते, हे जाता जाता.)

आणि कुजायचे म्हटले तरी कुठे? ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर आपल्याकडे प्रमाणपत्र देतात, त्याची चाचणी सुमारे ५८ अंश तापमानाच्या खतात होते; तिथे १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा वायू व्हावा लागतो. एवढी ऊब मोठ्या, नीट चालवलेल्या खत प्रकल्पातच टिकते. आपल्या कुंडीत नाही, गटारात नाही, नदीत तर नाहीच. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पिशव्या त्यांनी तीन वर्षांपर्यंत मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवल्या होत्या. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षांनंतर मातीतून काढली, तर तिच्यातून बाजारहाट करता येत होता. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती. वजन तेवढे पेलत नव्हती.

इटलीतल्या मिलान शहरात घरचा ओला कचरा अशाच पिशव्यांतून गोळा होतो आणि पिशवीसकट प्रकल्पात जातो. तिथे ही वस्तू उपयोगी आहे, कारण पिशवीच्या पुढची सगळी साखळी उभी केलेली आहे. आपल्याकडे आधी वस्तू आली. साखळीच्या जागी आत्या उभी आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. उद्या उसाचे प्लॅस्टिक वाढले तर ऊसही वाढेल. तो तोडायला बीडहून, मराठवाड्यातून कोयता घेऊन कोण निघते, कोणाच्या मुलांची शाळा सहा महिने सुटते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे वस्तूच्या एका टोकाला आपलाच माणूस कोयता धरून आणि दुसऱ्या टोकाला आपलीच बाई पोते धरून. मधल्या माणसाला मात्र ‘पर्यावरणप्रेमी’ म्हणायचे.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळे मांडले. मुलांपैकी एकाने विचारले, “ताई, मग पाणी ओंजळीने प्यायचे का?” प्रश्न रास्त होता. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मिळतात, जेवणाचे भागले. पण पाण्याच्या ग्लासाचे काय? मी वही उघडून दाखवली. मागच्या चार वर्षांत नुसत्या वापरून फेकायच्या ग्लासांवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात स्टीलचे तीनशे ग्लास आले असते आणि आजही कपाटात असते.

लगेच मागून एका भगिनीचा आवाज आला, “आणि ते घासायचे कोणी? आम्हीच ना?” सगळी बैठक गप्प. बाईच्या कमरेवर उभे राहिलेले पर्यावरण मलाही नको होते. अर्धा तास वाद झाला. कोणी म्हणाले माणूस लावू, कोणी म्हणाले भाड्याने आणू. शेवटी ठरले की ग्लास घ्यायचे, धुण्याच्या चार पाळ्या करायच्या आणि चारही पाळ्यांत पुरुष मंडळी राहायची. भगिनींनी त्या दिवशी पुढे बसून व्याख्यान ऐकायचे. पाळ्यांची यादी मी तिथेच लिहून विहाराच्या फळ्यावर लावली. पहिल्या पाळीत अध्यक्षांचे नाव आहे. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले की राख वापरायची की साबण.